ब्रेक नसलेला धंदा

किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी एटीव्ही, म्हणजे वाळूत चालवायची फुगीर टायरांची चारचाकी, एका दिवसात बिघडत नाही. दगा देण्याआधी ती कित्येक दिवस सांगत असते. हँडल एका बाजूला ओढतं. वळताना पुढच्या चाकातून कटकट आवाज येतो. थ्रॉटलवरचा अंगठा सोडला तरी इंजिन लगेच खाली बसत नाही. मालकाला हे ऐकू येतं आणि गाडीमागे धावणाऱ्या पोरालाही ऐकू येतं. तरीही पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेतले जातात आणि गाडी वाळूत सोडली जाते. कुणी आपटलं की दोष वाळूला, खड्ड्याला, नाहीतर पर्यटकाच्या नवखेपणाला. मी या गाड्या दुरुस्त करतो. गाडी उघडल्यावर आत जे दिसतं, त्यात नशिबाचा काही भाग नसतो. तिथे न बदललेलं ऑईल असतं, न लावलेलं ग्रीस असतं आणि जाणूनबुजून कापलेल्या वायरी असतात. पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव टांगणीला लावलेला असतो.

चार चाकं आहेत म्हणजे गाडी उलटणार नाही, ही समजूत आधी काढून टाका. होंडाने 1970 मध्ये अमेरिकेत अशी गाडी विकायला काढली तेव्हा तिला तीन चाकं होती. या तीनचाकी इतक्या उलटल्या की 1988 मध्ये तिथल्या सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांना त्यांची विक्री थांबवावी लागली. चौथ्या चाकाने धोका कमी झाला, संपला नाही. आपल्याकडे भाड्याने फिरणाऱ्या बहुतेक स्वस्त चिनी गाड्यांचा मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो, त्यात डिफरेन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, म्हणून वळताना आतल्या चाकाला घसरावंच लागतं. वाळूत ते घसरतं. डांबरावर किंवा सिमेंटवर ते घट्ट धरतं, आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाते किंवा बाहेरच्या बाजूला कलंडते. अशा गाडीचा तोल चालवणाऱ्याच्या अंगावर आणि टायर, बेअरिंग, स्टीअरिंग, ब्रेक यांच्या तब्येतीवर टिकलेला असतो. चालवणारा तर दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा बसलेला असतो. मग उरतं काय? गाडीची तब्येत. आणि तिच्यावरच काटकसर केली जाते.

टायरपासूनच बघा. या फुगीर टायरांत हवा फार कमी लागते, बहुतेक गाड्यांना तीन ते सात पीएसआय. नेमका आकडा गाडीवरच्या पट्टीवर किंवा टायरच्या कडेवर छापलेला असतो. मोटारीच्या टायरला तीसच्या आसपास लागते, आणि तोच हात, तोच कॉम्प्रेसर इथे वापरला जातो. ‘कडक असली की गाडी हलकी पळते,’ असं मला सांगणारे महाभाग आहेत. कडक टायर वाळूवर टेकायचा तेवढा टेकत नाही, खड्ड्याचा धक्का गिळत नाही, गाडी चेंडूसारखी उसळते आणि तो सगळा मार बेअरिंगवर आणि बसणाऱ्याच्या मणक्यावर जातो. एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सात पीएसआय असेल तर दोन्ही चाकांचा घेर वेगळा होतो आणि अखंड अ‍ॅक्सलवर गाडी सतत एकीकडे ओढते. मोटारीच्या हवेच्या गेजवर हा फरक कळतही नाही. त्यासाठी कमी दाबाचं वेगळं गेज लागतं, आणि ते काही सोन्याचं नसतं. एका गाडीच्या एका दिवसाच्या भाड्यात ते येतं. तरी किती जणांकडे आहे? ज्या मालकाकडे हे गेज नाही, त्याने सकाळी टायर तपासले असं मला सांगू नये.

टायरनंतर थ्रॉटल. या गाडीला मोटारसायकलसारखी मूठ पिळायची नसते, अंगठ्याने खटका दाबायचा असतो. अंगठा उचलला की तो खटका झटकन मागे यायलाच हवा, हँडल कुठेही वळवलेलं असलं तरी. अमेरिकेत 2008 च्या कायद्याने या गाड्यांचं सुरक्षा मानक सक्तीचं झालं, आणि थ्रॉटलने आपोआप बंद होणं ही त्यातली अगदी प्राथमिक अट आहे. किनाऱ्यावर या केबलमध्ये बारीक वाळू जाते, मीठ जातं, आतली तार गंजते आणि खटका अडकत अडकत परत येऊ लागतो. त्यावर उपाय म्हणजे केबल बदलणे. केला जातो तो उपाय म्हणजे वरून डिझेल शिंपडणे. डिझेलने दोन तास केबल सुटते, आणि मग त्याच ओलाव्याला नवी वाळू चिकटते. घाबरलेला माणूस हँडल घट्ट आवळतो. त्या आवळण्यात अंगठाही दाबला जातो. अशा क्षणी परत न येणारा थ्रॉटल म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

त्यासाठीच तर किल स्विच असतो. मुलांसाठीच्या लहान गाड्यांना मागे दोरीचा स्विच असतो. चालवणारा पडला किंवा मागे धावणाऱ्या माणसाने दोरी खेचली की इंजिन बंद. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत या स्विचच्या वायरी कापून एकमेकींना जोडून टाकलेल्या असतात, किंवा काढून इन्सुलेशन टेप मारलेली असते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘पोरं उगाच दोरी ओढतात, गाडी बंद पडते, खोळंबा होतो.’ जो माणूस खोळंबा टाळण्यासाठी मुलांच्या गाडीचा किल स्विच तोडतो, त्याच्या हाती मुलांची गाडी असता कामा नये. आणि हे काम मालक स्वतः करत नाही, माझ्याच धंद्यातले मेकॅनिक करून देतात. त्यांनाही सांगतो. गिऱ्हाईक म्हणालं म्हणून सुरक्षेची वायर कापणारा मेकॅनिक त्या गुन्ह्यात बरोबरीचा भागीदार आहे. मी ती वायर जोडल्याशिवाय गाडी बाहेर देत नाही. त्यापायी गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत.

ब्रेकची कथा याहून वेगळी नाही. स्वस्त गाड्यांना पुढे बहुधा ड्रम असतात आणि मागे एक डिस्क. ड्रममध्ये खारं पाणी आणि वाळू गेली की ब्रेक शू झिजतात आणि एका बाजूचा ब्रेक आधी धरतो. डिस्कच्या कॅलिपरमधल्या पिना गंजून आवळल्या की एकच पॅड घासत राहतो. कॅलिपर सुटा करून साफ करायचा, पिनांना योग्य ग्रीस लावायचं, ऑईल जुनं झालं असेल तर बदलून हवा काढायची, एवढंच काम. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणच्या हवेत ओलावा कमी नाही. पण लिव्हर मुठीला टेकेपर्यंत थांबायचं आणि मग केबलचा नट दोन फेरे आवळून ‘झाला ब्रेक’ म्हणायचं, ही आपली सर्व्हिसिंग.

समुद्राचं पाणी या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि त्याबाबतीत अज्ञानाला सबब म्हणून उभं करता येणार नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या घरातली लोखंडी खिडकीही त्याला मीठ काय करतं ते शिकवते. गाडी रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची. गोड्या पाण्याने. किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्याने धुणं म्हणजे मिठाचा दुसरा हात देणं. पाणी नळीने मारायचं, प्रेशर पंपाने नाही. प्रेशरचं पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत घुसतं आणि आतलं ग्रीस धुऊन नेतं. तापलेलं हब थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. फेसाळत्या लाटांतून गाडी उडवत नेण्याचा जो फोटो पर्यटकांना विकला जातो, त्याची किंमत हे बेअरिंग मोजतं. धुऊन झाल्यावर गाडी वाळवायची, वायरींच्या जोडांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं आणि सस्पेन्शनच्या आर्मवर जिथे ग्रीसचं निप्पल दिलं आहे तिथे ग्रीस गन लावायची. जुनं, वाळू मिसळलेलं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायचं. गन विकत घेऊन भिंतीला टांगल्याने बुश वाचत नाहीत.

जरा मोठ्या गाड्यांना, ज्यांची चाकं स्वतंत्र शाफ्टवर फिरतात, त्यांना सांध्यांवर रबरी बूट असतात. बुटाला चीर गेली की ग्रीस बाहेर उडतं आणि वाळू आत जाते. त्या वेळी बूट बदलला तर खर्च शेकड्यांत. वळताना टकटक आवाज येईपर्यंत थांबलात तर आख्खा शाफ्ट, आणि खर्च हजारांत. चीर डोळ्यांना दिसते, वाकून बघायची तसदी घ्यावी लागते इतकंच. तसंच चाकाचं. पुढची बाजू जॅकवर उचला, चाक वर-खाली धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. वर-खाली हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉईंट गेला, आडवं हललं तर टाय रॉडचं टोक गेलं. मोजून दोन मिनिटांचं काम. हे न करता गाडीवर आई, वडील आणि मधे मूल अशी तिघं बसवायची, जिच्यावर कंपनीने ‘एकच माणूस’ असं चिकटवून दिलेलं आहे. तिघांच्या वजनाने वाकलेला अ‍ॅक्सल मग वेल्डिंग मारून परत बसवायचा. वेल्ड केलेला अ‍ॅक्सल कुठे तुटेल हे मी सांगू शकतो: वेल्डच्या शेजारी. कधी तुटेल, हे कुणीच सांगू शकत नाही.

इंजिनाबद्दल एक युक्तिवाद मला सारखा ऐकवला जातो: ‘गाडी फार चाललेलीच नाही.’ किलोमीटर बघून हे ठरवणं साफ चूक आहे. ही गाडी वाळूत कमी वेगाने आणि जास्त आरपीएमवर तासन्‌तास फिरते, म्हणून तिची देखभाल तासांवर मोजतात. नव्या गाडीचं पहिलं ऑईल साधारण वीस तासांत काढायचं असतं, कारण त्यात नव्या भागांच्या घासण्याचा बारीक धातू उतरलेला असतो. पुढचं पुस्तिकेत दिलेल्या तासांवर, आणि वाळू-पाण्यात चालत असेल तर त्याच्याही आधी. लहान इंजिनात जेमतेम लिटरभर ऑईल मावतं, तेही पुरतं नाही. इतक्या थोड्या ऑईलवर सगळा हंगाम काढणारे लोक मी पाहतो. ऑईल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे, इंजिन सुरूच करू नये. तरी ‘आजचा रविवार जाऊ दे’ म्हणून ते चालवलं जातं.

आणि एअर फिल्टर! फोमचा साधा फिल्टर. रॉकेलमध्ये नाहीतर साबणाच्या पाण्यात धुवायचा, न पिळता दाबून पाणी काढायचं, सावलीत वाळवायचा आणि फिल्टर ऑईलमध्ये भिजवून बसवायचा. ऑईल नसलेला फोम बारीक धूळ अडवत नाही. याचाही कंटाळा येतो म्हणून फिल्टर काढूनच फेकला जातो, वर ‘गाडी जास्त ओढते’ असं समर्थन. किनाऱ्याची वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते, भिंतीवर ओरखडे काढते, आणि एका हंगामात गाडी निळा धूर ओकू लागते. फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवून पाहा. बोटाला कणी लागली तर त्या इंजिनाचं भवितव्य ठरलेलं आहे.

बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांत पाणी शिरलं की रबरी बेल्ट पुलीवर घसरतो. अनेक गाड्यांत त्या पेटीला खाली पाणी सोडायचा बोल्ट दिलेला असतो. तो उघडायचा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन फिरवून पेटी वाळू द्यायची. तसं न करता जोर देत राहिलात तर बेल्ट जळतो. पावसाळ्याचं तर सांगायलाच नको. चार महिने गाडी ताडपत्रीखाली उभी, टाकीत अर्धं पेट्रोल. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. पुरेसं पाणी जमलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळं बसतं. कार्बोरेटरच्या वाटीत ते गंज आणि चिकट थर ठेवून जातं, आणि जेट बुजतात. जूनच्या आधी टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून पेट्रोल काढा, बॅटरी काढून घरात ठेवा आणि मधूनमधून चार्ज करा. एका दुपारचं काम. ते केलं जात नाही, आणि दिवाळीच्या गर्दीआधी सगळे एकदम माझ्या दारात: ‘उद्याच पाहिजे.’

शेतावर किंवा फार्महाऊसवर स्वतःसाठी एटीव्ही ठेवणारे या बाबतीत शहाणे असतील अशी माझी अपेक्षा होती. गाडीच्या बाबतीत ते बरे असतात, जोडसाहित्याच्या बाबतीत नाहीत. अडकलेली गाडी तारेने ओढणारी विंचच घ्या. लोखंडी तारेचे केस फुटलेले दिसतात, तरी त्याच तारेने चिखलातली गाडी ओढतात. ताणलेली तार तुटली तर समोरच्या माणसाचा पाय मोडू शकते, म्हणून ओढताना तारेवर ओलं घोंगडं किंवा पोतं टाकायचं आणि माणसांना दूर उभं करायचं. ड्रमवर तारेचे किमान पाच वेढे राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळा भार टोकाच्या एका स्क्रूवर येतो. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमच्या पहिल्या थरावरची असते, वरच्या थरांवर ती घटते. तारेऐवजी सिंथेटिक दोर बसवणारे पुढची तोंडपट्टी तीच ठेवतात, जिला तारेने खरबरीत करून ठेवलेलं असतं, आणि मग महिनाभरात दोर कातरला गेला म्हणून दोराला नावं ठेवतात. विंचचा रिले मिठाने चिकटला तर बटण सोडूनही ड्रम फिरत राहतो. म्हणून बॅटरीजवळ हाताशी वीज तोडणारा स्विच हवा. फवारणीचा पंप वापरून झाल्यावर स्वच्छ पाणी चालवून धुतला नाही तर डायफ्राम आणि नोझल खराब होणारच. ट्रेलरची हब तर वर्षानुवर्षं कुणी उघडतच नाही, जणू त्यांना बेअरिंगच नाहीत.

‘पार्ट मिळत नाहीत’ ही तक्रार मात्र पूर्ण खोटी नाही, आणि तिचं माप विकणाऱ्यांच्या पदरात घालतो. नाव बदलून, रंग बदलून चिनी गाड्या आणायच्या, सोबत पुस्तिका द्यायची नाही, दिलीच तर मोडक्या इंग्रजीत, आणि वर्षभराने ते मॉडेलच आपण विकत नाही असं सांगायचं. केबल, ब्रेक शू, बेअरिंग, बूट, फिल्टर हे झिजणारे भाग विक्रेत्याच्या कपाटात नसतील तर त्याने गाडी विकूच नये. पुस्तिका मराठीत हवी, कारण सकाळी गाडी तपासणारा पोरगा मराठी वाचतो. तरीही बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो आणि तो नंबर बहुतेक वेळा तालुक्याच्या बाजारात मिळतो. मिळत नाही तो शोधायचा उत्साह.

आपल्याकडे हे जमतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी इंदूरजवळच्या पिथमपूरला 2007 पासून होत आलेली बाहा स्पर्धा आठवावी. महाराष्ट्रातल्या कॉलेजांची मुलंही तिथे स्वतः बांधलेली ऑल-टेरेन गाडी घेऊन जातात. तांत्रिक तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय ती मैदानात उतरत नाही. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम झाली पाहिजेत. किल स्विच चालला पाहिजे. त्यानंतर चार तासांची सहनशक्तीची शर्यत, आणि ज्याने एक नट नीट आवळलेला नाही त्याची गाडी तिथेच उभी राहते. विशीतली पोरं स्वतःच्या जिवासाठी ही शिस्त पाळतात. दुसऱ्यांच्या लेकरांना गाडीवर बसवून पैसे घेणाऱ्याला ती नको आहे.

आणि त्याला ती कुणी विचारतही नाही. रिक्षाला फिटनेस प्रमाणपत्र लागतं. या गाड्यांची बहुधा रस्त्यासाठी नोंदणीच नसते, त्यामुळे वाहन निरीक्षकाच्या नजरेखालून त्या जात नाहीत. जो धंदा कुठल्याच तपासणीत बसत नाही, त्याला मोकळं रान मिळतं. माझी मागणी साधी आहे. जी ग्रामपंचायत किंवा जे खातं किनाऱ्यावर हा धंदा चालू देतं, त्याने हंगामाआधी प्रत्येक गाडी उभी करून तपासून घ्यावी. प्रत्येक गाडीवर तास मोजणारं मीटर असावं आणि सोबत वही असावी: टायरची हवा, ब्रेक, थ्रॉटल, किल स्विच, ऑईल, तारीख, सही. वही नसेल तर गाडी वाळूत नाही. त्यासाठी नवा कायदा यायची वाट बघायची गरज नाही, परवानगीच्या कागदावर एक अट वाढवली की पुरे.

तोवर हे तुमच्या हातात आहे, वाचकहो. पैसे देण्याआधी गाडी बंद असताना थ्रॉटल दाबा आणि सोडा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पुन्हा तेच करा. खटका झटकन परत आला नाही तर उतरा. ब्रेकचा लिव्हर मुठीला टेकला तर उतरा. गाडी सुरू करून किल स्विच दाबायला लावा, इंजिन बंद पडलं नाही तर उतरा. मुलांच्या गाडीची दोरी ओढून दाखवायला सांगा. हेल्मेट मागा. मालकाने तोंड वाकडं केलं तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं, पुढच्या माणसालाही ते मोठ्याने सांगा आणि निघून जा. भाडं बुडण्याची भीती ही एकच भाषा या धंद्याला समजते. ती बोलायला सुरुवात करा.